मदत हवी आहे: नाण्यातला दोष टांकसाळीतला की नंतरचा, कसं ओळखायचं?

मंडळी, सुट्ट्या पैशांत आलेली तीन नाणी बाजूला काढून ठेवली आहेत. तिन्हींत काहीतरी गडबड आहे, पण ती टांकसाळीतच झाली की नंतर कुणी कानस चालवली, ते कळत नाहीये.

पहिल्याच्या काठाचा चंद्रकोरीएवढा तुकडाच नाही. कानशीचे ओरखडे मात्र दिसत नाहीत. दुसऱ्यावर सालाचे शेवटचे दोन आकडे दुहेरी आहेत. भिंगातून पाहिलं तर दुसरी छाप सपाट, पायरीसारखी आणि बरीच खाली. तिसरं उभं धरून फिरवलं की मागची बाजू घड्याळातल्या चारच्या दिशेला तिरपी येते.

व्हिडिओ बघून काही उपयोग झाला नाही. तिथे प्रत्येक झिजकं नाणं 'दुर्मिळ'च असतं!

प्रतिसाद

पहिल्याची गोष्ट इंटरेस्टिंग आहे. धातूच्या पट्टीतून कोऱ्या चकत्या कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, की चकत्या कापणारा पंच आधीच्या भोकावर चढतो आणि चकतीला अशी कोर पडते. पुढे चकतीची कड उचलणाऱ्या यंत्रात त्या जागी धातूच नसल्यामुळे बरोबर समोरच्या बाजूलाही दाब नीट बसत नाही. म्हणून तुकडा जिथे नाही, त्याच्या थेट समोरची कड बघा. ती पुसट, बसकी असेल तर नाणं खरं असण्याची शक्यता बरीच वाढते. (प्रत्येक खऱ्या नाण्यात हे ठळक दिसेलच असं नाही.) कोरीजवळची अक्षरंही बघा: छापताना धातू मोकळ्या जागेकडे सरकतो, त्यामुळे ती तिकडे पसरलेली असतात. नंतर कापलेल्या नाण्यात अक्षर मध्येच तुटतं.

प्रतिसाद

दुसरं सोडून द्या, ते मशीन डबलिंग. छाप बसल्यावर सैल डाय (नाण्यावर छाप उठवणारा ठसा) किंचित घसरतो आणि नुकतेच उमटलेले आकडे चेपतो, म्हणून ती सपाट पायरी. खऱ्या डबल्ड डायमध्ये डायवरच दुहेरी आकृती असते; दोन्ही छापांना उठाव असतो, अक्षरं जाड होतात. १९५५ चा प्रसिद्ध अमेरिकी सेंट पाहा, त्यावरचं साल भिंगाशिवायही दुहेरी दिसतं.

तिसऱ्याचं आधी त्याच प्रकारच्या दुसऱ्या नाण्याशी ताडून पाहा. अमेरिकी नाण्यांची मागची बाजू मुद्दाम उलटी असते, युरोची सुलटी. चारची दिशा म्हणजे १२० अंश, हे दोन्हींत बसत नाही. डाय फिरलेला दिसतोय. फक्त काठाच्या आतून जोड नाही ना, ते तपासा; दोन नाणी कोरून एकात एक बसवणारे महाभाग असतात.

धागाकर्ता

पहिल्याची समोरची कड खरंच पुसट आहे, अक्षरंही पसरली आहेत! तिसऱ्याला जोड नाही, आणि तसलंच दुसरं नाणं सरळ फिरतं. दुसरं खर्चून टाकतो. उरलेली दोन चिंचेने घासू का? फार काळी पडली आहेत.

प्रतिसाद

अजिबात नको! चिंच नको, पावडर नको, कापडसुद्धा नको. घासलं की मूळ पृष्ठभाग जातो आणि संग्राहक पाठ फिरवतात. आधी पहिल्याचं वजन करून इथे टाका, नियमित वजनापेक्षा कमी भरायला हवं.