मदत हवी आहे: ७० मि.मी. ईडीएफ (नळीतल्या विजेच्या पंख्यावर चालणारे) रेडिओ-नियंत्रित मॉडेल जेट, पंखा विमानात बसवल्यावर थ्रस्ट (ढकलण्याचा जोर) कमी. पहिल्या उड्डाणाआधी काय तपासावे?

नभरेषा

नमस्कार. ईपीओ आणि डेप्रॉन हे फोम वापरून दोन्ही बाजूंना इनटेक (हवा आत घेणारी तोंडे) असलेले जेट बांधून होत आले आहे. पहिले उड्डाण बाकी आहे. आकडे असे:

पंखा ७० मि.मी., १२ पात्यांचा, मधला हब ३० मि.मी.; मोटर २२०० केव्ही (भार नसताना दर व्होल्टला मिनिटाला इतक्या फेऱ्या); ईएससी (मोटरचा वेग नियंत्रक) १०० अँपिअर; बॅटरी ६एस (ओळीत सहा सेल) ४००० एमएएच (६२० ग्रॅम). बॅटरीसह एकूण वजन १९०० ग्रॅम. पंखांचा विस्तार ९०० मि.मी., मुळाची कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) ३००, टोकाची १२०, टोकाची पुढची कडा मुळाच्या पुढच्या कडेपेक्षा २२० मि.मी. मागे.

अडचणी तीन. पंखा बाहेर बाकावर २१५० ग्रॅम थ्रस्ट देतो, विमानात बसवल्यावर मात्र १५५०च. इनटेक प्रत्येकी २८ × ४० मि.मी., शेपटाकडचे तोंड ५४ मि.मी. व्यासाचे. पूर्ण थ्रॉटलला ७८ अँपिअर जातात आणि बॅटरी २५.२ वरून २१.४ व्होल्टवर येते. दुसरे, ६०-७० टक्के थ्रॉटलला शेपूट थरथरते. तिसरे, आराखड्यात सीजी (गुरुत्वमध्य) दिलेला नाही. सध्या मुळाच्या पुढच्या कडेपासून १७० मि.मी.वर तोल साधतो. मुख्य चाकांचा आस त्याच्या ४५ मि.मी. मागे आहे आणि सीजीची जमिनीपासून उंची १३० मि.मी.

ईएससी पंख्याजवळ असल्यामुळे बॅटरीकडच्या वायरी २५ सें.मी.ने वाढवल्या आहेत. धावपट्टी डांबरी, पण दोन्ही बाजूंना गवत. या थ्रस्टवर उडवावे का?

झोतयंत्र

१५५० ला १९०० ने भागले की ०.८२ येते. डांबरावरून एवढ्यात विमान उठते, त्यामुळे आकडा भीतीदायक नाही. पण ६०० ग्रॅम डक्टमध्ये (हवेच्या नळीत) हरवतात आणि ते बहुतांशी परत मिळवता येतात, मग तसेच का उडवायचे?

आधी पंख्याचे प्रत्यक्ष क्षेत्रफळ काढा. ७० चा वर्ग वजा ३० चा वर्ग, गुणिले ०.७८५: सुमारे ३१४० चौ.मि.मी. तुमचे दोन्ही इनटेक मिळून २२४०, म्हणजे ७१ टक्के. मागचे तोंड २२९०, म्हणजे ७३ टक्के. दोन्हीकडे गळा आवळलेला आहे. मागचे तोंड पंख्याच्या क्षेत्रफळाच्या ८५ ते ९० टक्के ठेवावे. ९० टक्क्यांना व्यास नेमका ६० मि.मी. येतो. त्याहून अरुंद केले तर झोताचा वेग वाढतो, पण उभ्या विमानाचा थ्रस्ट पडतो आणि मोटर तापते. इनटेक मिळून निदान १०० टक्के हवेत.

नेमका दोष कुठे किती, हे कापाकापीआधी मोजता येते. विमान वजनकाट्याला बांधून बॅटरीचे झाकण काढा आणि थ्रस्ट घ्या. वाढला तर हवा आत यायला अडते आहे. मग मागची नळी काढून पुन्हा घ्या. बॅटरी दर वेळी पूर्ण चार्ज असावी, नाहीतर तुलना फसते.

इनटेक मोठे करणे जमत नसेल तर पंख्याच्या लगेच पुढे पोटाला चीटर होल (जादा हवेसाठी भोक) पाडा, ९०० ते १००० चौ.मि.मी. ते नाकाच्या चाकाच्या थेट मागे नको. चाकाने उडवलेली खडी सरळ पात्यांवर जाते. इनटेकची धारदार कड हाही मोठा चोर आहे. ५-६ मि.मी. त्रिज्येची गोलाई देऊन सँडपेपरने गुळगुळीत करा. उभ्या विमानात हवा बाजूंनी वळून आत शिरते आणि धारदार कडेवरून ती सुटून भोवरे करते.

बॅटरीही बघा. ७८ अँपिअरला ३.८ व्होल्ट पडणे म्हणजे पॅक, वायर आणि कनेक्टर मिळून जवळपास ४९ मिलीओहम. चांगला पॅक या लोडला २२ व्होल्टच्या वर राहतो. मूळ वायरी बारीक असतील तर १० गेजच्या घाला. मुख्य म्हणजे बॅटरीकडची लांबी वाढवणे ईएससीला मारक आहे: वायरीच्या इंडक्टन्समुळे व्होल्टेजचे झटके बसतात आणि आतले कपॅसिटर तापून फुटतात. मोटरकडच्या तीन वायरी वाढवून ईएससी पुढे आणता आला तर उत्तम. नाहीतर दर १० सें.मी. वाढीमागे २२० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर ईएससीच्या तोंडाशीच जोडा. तुम्हाला तीन लागतील. ध्रुव उलटे झाले तर कपॅसिटर फुटतो.

थरथर रोटरच्या (पंख्याच्या फिरत्या चाकाच्या) असमतोलाची असावी. हा रोटर मिनिटाला ४०,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो, ०.१ ग्रॅमचा फरकही तिथे जाणवतो. रोटर काढून बॅलन्सरवर घ्या आणि हलक्या बाजूला हबच्या आत टेपचा तुकडा किंवा इपॉक्सीचा थेंब लावा. पाती आणि कवच यांत सगळीकडे सारखी, साधारण अर्धा मि.मी. फट हवी. अॅडॉप्टरचा स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावरच बसला पाहिजे. चाचणी घेताना पंख्याच्या फिरण्याच्या प्रतलात कुणीही उभे राहू नये.

डेप्रॉनच्या भागांना साधा सायनो (झटपट चिकटणारा गोंद) लावू नका, विरघळतो. फोम-सेफ किंवा इपॉक्सी.

तोलकाटा

सीजी १७० वर असताना अजिबात उडवू नका. वरचे सगळे नंतर, हे आधी.

तुमच्या पंखाची सरासरी कॉर्ड २२३ मि.मी. येते आणि ती मध्यरेषेपासून १९३ मि.मी.वर असते. तिथे पुढची कडा मुळापेक्षा ९४ मि.मी. मागे आहे. पहिल्या उड्डाणाला सीजी या कॉर्डच्या २२ ते २५ टक्क्यांवर घ्या, म्हणजे ४९ ते ५६. त्यात ९४ मिळवले की मुळापासून १४३ ते १५०. सध्याचा १७० म्हणजे ३४ टक्के. शेपूट इतके जड असले की एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटाची पट्टी) जरा हलवताच नाक उसळते आणि सावरायला वेळ मिळत नाही. मुळाची कॉर्ड विमानाच्या मध्यरेषेवर मोजलेली असावी, फ्युजलाजच्या (धडाच्या) भिंतीपाशी नव्हे. इथे बऱ्याच जणांचे गणित चुकते.

१४८ वर आणायला २२ मि.मी. हलवायचे आहे. १९०० × २२ भागिले ६२० = ६७. बॅटरी ६७ मि.मी. पुढे. जागा नसेल तर फोम कोरा. शिसे हा शेवटचा उपाय. तोल बघताना चाके खाली, झाकण लावलेले.

सीजी पुढे गेला की चाके त्याच्या ६७ मि.मी. मागे पडतील. मग एलेव्हेटरला नाक उचलता येणार नाही आणि विमान धावपट्टी संपेपर्यंत धावत राहील. १३० मि.मी. उंचीला आस सीजीच्या २५ ते ३५ मि.मी. मागे हवा. उभे असताना नाक १-२ अंश वर असावे.

नभरेषा

दोघांचेही आभार. झाकण काढल्यावर १७९० ग्रॅम, नळीही काढल्यावर २०१०. चीटर होल, ६० मि.मी. तोंड, गोल कडा आणि दुसरा पॅक (लोडखाली २२.१ व्होल्ट) असे केल्यावर सगळे बंद करून १९८० मिळतो. थरथर गेली. सीजी १४७, चाके ३० मि.मी. मागे. वजन तेवढेच. आता उड्डाणाचे सांगा. जायरो (विमान आपोआप स्थिर ठेवणारे यंत्र) लावू का?

झोतयंत्र

जायरो चालेल, पण गेन (त्याच्या दुरुस्तीचा जोर) कमी ठेवा आणि बंद करायला स्विच द्या. दिशा हाताने तपासा: नाक खाली झुकवले की एलेव्हेटर वर गेला पाहिजे, उजवा पंख खाली केला की उजवा एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची पट्टी) खाली. उलट असेल तर जायरोच विमान पाडतो.

एलेव्हेटर ±१० मि.मी., एलरॉन ±१०, एक्स्पो (स्टिकच्या मध्याजवळचा मऊपणा) ३० टक्के. काही ट्रान्समीटरांत मऊपणासाठी एक्स्पो अधिक द्यावा लागतो, काहींत उणे. स्टिक हलवून खात्री करा. फेलसेफला (सिग्नल तुटल्यावर) थ्रॉटल शून्य, आणि ते ट्रान्समीटर बंद करून प्रत्यक्ष बघा (विमान घट्ट धरून). सर्व्हो आणि रिट्रॅक्ट (चाके आत घेणारी यंत्रणा) मिळून ईएससीच्या बीईसीवर (रिसीव्हर-सर्व्होंना वीज देणाऱ्या भागावर) भार पडतो. वेगळा ८-१० अँपिअरचा यूबीईसी (स्वतंत्र बीईसी) लावा आणि ईएससीच्या रिसीव्हर प्लगमधली लाल वायर काढून ठेवा.

प्रोपेलरच्या विमानात थ्रॉटल दिला की शेपटावरून हवा जाते आणि एलेव्हेटरला लगेच जोर येतो. ईडीएफमध्ये झोत शेपटाच्या आतून निघतो, त्यामुळे एलेव्हेटरला जोर फक्त विमानाच्या वेगातून मिळतो. शिवाय पंख्याला पूर्ण फेऱ्या गाठायला सेकंदभर लागतो. पुढचे सगळे यावरून ठरते.

समोरून हलका वारा हवा. थ्रॉटल २-३ सेकंदांत पूर्ण न्या, नाकाच्या चाकाने सरळ ठेवा, एलेव्हेटर किंचितच वर. तुमच्या वजनाला आणि पंखाला स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख उचल गमावतो) ताशी ४५-५० किमी येतो. ओढून उचलले तर त्याच वेगाला उठते आणि पंख टाकते (एका बाजूला कोसळते). धावू द्या. उठल्यावर १५ अंशांहून जास्त चढवू नका आणि वेग आल्याशिवाय वळू नका. विमान ट्रिम होईपर्यंत (स्टिक सोडूनही सरळ उडेपर्यंत) चाके खालीच राहू द्या. मग ७०-८० मीटर उंचीवर थ्रॉटल कमी करत स्टॉल बघून घ्या: नाक सरळ पडते की पंख टाकते.

उतरताना ताशी ६० च्या आसपास या, थ्रॉटल ३०-४० टक्के. पंखा बंद करायचा तो चाके जमिनीपासून हातभर असतानाच. वेग पडल्यासारखा वाटला तर थ्रॉटल लगेच द्या आणि नाक खाली ठेवा. एलेव्हेटर ओढून वाचवू नका. पुन्हा फेरी घ्यायची तर निर्णय शेवटच्या वळणावरच घ्या.

तोलकाटा

टायमर अडीच मिनिटांवर. उतरल्यावर बॅटरी थंड होऊ द्या आणि ४ अँपिअरने, म्हणजे १सी ने (क्षमतेइतक्या प्रवाहाने) चार्ज करताना किती एमएएच भरले ते लिहून ठेवा. समजा २०००, म्हणजे मिनिटाला ८००. क्षमतेच्या ८० टक्के ३२००, तेव्हा या थ्रॉटलला एकूण चार मिनिटे होतात. पण टायमर साडेतीनवर लावा, दुसऱ्या फेरीपुरती बॅटरी उरायला हवी.