मदत हवी आहे: द्राक्षरसातलं प्रोलिन हे अमिनो आम्ल कागदावर नीट दिसत नाही
नमस्कार. नाशिकमध्ये बीएस्सीच्या मुलांकडून द्राक्षरसातली अमिनो आम्लं पेपर क्रोमॅटोग्राफीने (कागदावर चढणाऱ्या द्रावकाबरोबर घटक वेगवेगळे होतात) वेगळी करून घेतेय. द्रावक ब्युटेनॉल, अ‍ॅसिटिक आम्ल, पाणी ४:१:५, त्याचा वरचा थर. मग अमिनो आम्लांचे डाग रंगवणारं निनहायड्रिन (०.२ टक्के) फवारून १०५ अंशांवर ओव्हनमध्ये.

शुद्ध नमुने सुरेख येतात. ग्लायसिन, आर्जिनिन जांभळे. प्रोलिन पिवळं, कारण त्याचा नायट्रोजन वलयात बांधलेला. मुलांना हाच फरक खऱ्या रसात दाखवायचाय, आणि आपल्या द्राक्षांत प्रोलिन भरपूर. पण रसाचा ठिपका वर चढताना शेपटीसारखा ओघळतो आणि पिवळा डाग त्या तपकिरी फराट्यात बुडतो. रस गाळून, पातळ करून, ठिपका बारीक ठेवून पाहिलं. डाग फिके झाले, फराटा तसाच. पिकलेल्या द्राक्षाच्या रसात लिटरमागे २०० ग्रॅमच्या आसपास साखर असते, संशय तिच्यावरच आहे.

एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) नाही. धन आयन रेझिन (अमिनो आम्लं धरून ठेवणारे, साखर जाऊ देणारे मणी), अमोनिया आणि साधी काचेची नळी आहे. आयसॅटिनही मिळेल, त्याने प्रोलिन निळं दिसतं. पण आधी साखर जायला हवी.

रेझिनवर रस सोडून पाण्याने साखर धुतली, तर नंतर प्रोलिन उतरवायला अमोनिया किती तीव्रतेचा घ्यावा, आणि ५ मिलि रसाला रेझिन किती पुरेल?