मदत हवी आहे : संगीत नाटक आणि त्यावरचा चित्रपट यांचे परीक्षण कसे लिहावे?

सप्रेम नमस्कार. मी संगीत शिकलेलो नाही, केवळ प्रेक्षक आहे. ‘कट्यार काळजात घुसली’ या 1967 साली रंगभूमीवर आलेल्या नाटकाचा नव्या संचातील प्रयोग नुकताच पाहिला, त्यानंतर 2015 चा चित्रपटही पुन्हा पाहिला, आणि दोन्हींवर एकत्रित परीक्षण लिहायला बसल्यावर माझी पंचाईत झाली.

नाटकात नट स्वतः गातो, त्याचा आवाज त्या रात्री कसा लागला यावर पद उभे राहते किंवा पडते, शिवाय ‘वन्स मोअर’ आला की कथानक थांबते. चित्रपटात मात्र खाँसाहेब या गायकाच्या भूमिकेत दिसतात सचिन पिळगावकर आणि आवाज असतो राहुल देशपांडे यांचा, तोही ध्वनिमुद्रित. मग खाँसाहेबांच्या भूमिकेचे श्रेय परीक्षणात कसे विभागावे? ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन घराण्यांच्या दोन चालींत येते; हा फरक मला कानाने जाणवतो (अंगावर काटा येतो, खोटे कशाला बोलू), परंतु रागांची नावे न घेता तो वाचकापर्यंत पोहोचवायचा कसा, हे उमगत नाही.

आणखी एक शंका अशी की, आमच्या प्रयोगात ध्वनिव्यवस्था खराब असल्याने तबला गाण्यावर चढत होता. हा दोष नाट्यगृहाचा असताना तो प्रयोगाच्या परीक्षणात मांडणे न्याय्य ठरेल का? जाणकारांनी, विशेषतः संगीत नाटके नियमित पाहणाऱ्यांनी, कृपया मार्गदर्शन करावे.