मदत हवी आहे: इंजिन तापलं की ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो, सेन्सर बदलू की इंजिन उघडू?

रेवाकाठ:
नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. बाईक जपानी पॅरलल ट्विन (शेजारी-शेजारी दोन सिलिंडरवाली) आहे, साडेसहाशे सीसी, लिक्विड कूल्ड, सेकंड हँड घेतलेली. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण दोष कंपनीचा नाहीच, ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा समा भागात आमच्या पार्किंगमध्ये ही गाडी टाकीपर्यंत पाण्यात होती.

पाणी उतरल्यावर गॅरेजवाल्याने स्टार्टर न मारता आधी ऑइल काढलं, ते अगदी दुधाच्या चहासारखं झालेलं होतं. मग डिझेल घालून फ्लश केलं, ऑइल फिल्टर बदलला, थोडी चालवून पुन्हा बदलला, क्लचच्या स्टील प्लेट्स गंजल्या होत्या म्हणून क्लच कव्हर उघडून त्या साफ केल्या आणि कव्हर सिलिकॉन लावून बंद केलं. हिवाळाभर गाडी मस्त चालली, म्हणून मी निर्धास्त होते.

आता मे महिना, दुपारी बेचाळीस डिग्री. पावागढहून हालोल रोडने परत येताना अमितनगर सर्कलच्या सिग्नलला थांबले तर ऑइल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. जरा ॲक्सिलरेटर दिला की विझतो, सोडला की परत. गाडी थंड असताना काही नाही. लेव्हल सेंटर स्टँडवर, इंजिन बंद करून थोडं थांबून बघितली, काचेत दोन रेघांच्या बरोबर मध्ये. ऑइल १०डब्ल्यू४० (ही तेलाच्या जाडीची ग्रेड), जासो एमए२ (तेलात बुडालेल्या क्लचच्या बाईकसाठीचं मानक). ठकठक असा आवाज मला तरी येत नाही.

एक मेकॅनिक म्हणाला ‘बेन, सेन्सर गयो छे’. दुसरा म्हणाला जाड ऑइल, २०डब्ल्यू५० टाका, दिवा लागणारच नाही. तिसऱ्याने पूर ऐकल्याबरोबर अख्खं इंजिन खोलायचा खर्च सांगितला आणि तो आकडा ऐकून मला रात्री झोप नाही. या गाडीवर माझा खूप जीव आहे, विकायची नाहीये, नीट करायचीये. कुठून सुरुवात करू?

थंडस्टार्ट:
ताई, पहिलं म्हणजे गाडी चालवणं आजपासून बंद. हा दिवा लेव्हलचा नाही, प्रेशरचा आहे आणि तो लागतो तेव्हा प्रेशर आधीच तळाला गेलेलं असतं, बहुतेक प्रेशर स्विच (तुमचा मेकॅनिक ज्याला सेन्सर म्हणतोय तो) साधारण ०.३ ते ०.५ बारला लागणारे असतात. अशा ट्विनमध्ये क्रँक आणि बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला) बॉल बेअरिंग नसतात, साधे शेल (अर्धगोल गुळगुळीत पट्ट्या) असतात, शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगत असतो. तो थर तुटला की धातूला धातू लागतो आणि मग त्या तिसऱ्या मेकॅनिकचा आकडा खरा होतो.

एक सांगा, सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर दिवा लगेच विझतो की दोन-तीन सेकंद घेतो?

रेवाकाठ:
घेतो हो. पूर्वी बटण दाबल्याबरोबर जायचा, आता रेंगाळतो. मी बॅटरी वीक असेल असं धरून चालले होते.

दांडियाबाजारकर:
माझं मत साधं आहे, २०डब्ल्यू५० टाकून बघा. बडोद्याच्या उन्हाळ्यात माझ्या जुन्या गाडीला तेच घालतो, आजवर त्रास नाही.

मकरपुराकर:
काका, तुमच्या गाडीला कंपनीनेच ते सांगितलं असेल तर प्रश्नच नाही, पण इथे जाड ऑइल टाकून दिवा विझेल आणि आजार तसाच राहील. शंभर डिग्रीला ४० ग्रेडच्या ऑइलची व्हिस्कॉसिटी (जाडपणा) १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असते, ५० ग्रेडची १६.३ ते २१.९. म्हणजे प्रेशर वाढलेलं दिसेल, पण स्ट्रेनर (पंपाच्या आधीची तेल गाळायची जाळी) चोक असेल तर जाड ऑइल त्यातून आणखी कमी जाणार, थंडीत तर फारच कमी. कारण सापडेपर्यंत ग्रेड बदलू नये असं माझं ठाम म्हणणं आहे.

रेवाकाठ, आधी फुकटची टेस्ट करा. स्विचची वायर काढा आणि इग्निशन ऑन करा. दिवा विझला तर वायरिंग ठीक. वायर काढूनही दिवा चालूच राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला लागतेय किंवा कनेक्टरमध्ये गंज आहे, पुरातल्या गाडीला हे हमखास होतं. पण तुमचा दिवा आरपीएमप्रमाणे कमी-जास्त होतोय, म्हणजे बिचारा स्विच त्याचं काम करतोय असंच मला वाटतं.

मग खरं काम, गेज लावा. स्विच काढून त्याच भोकात मेकॅनिकल प्रेशर गेज लावायचा, ० ते ७ किलोचा (म्हणजे किलो प्रति चौरस सेंटिमीटर, एक किलो साधारण एक बार) ग्लिसरीन भरलेला. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) हायड्रॉलिक फिटिंगची दुकानं आहेत, तिथे गेज, निपल, होज सगळं मिळतं. फक्त एक लक्षात ठेवा, जपानी गाड्यांना बहुतेक वेळा पीटी १/८ टेपर (निमुळते) आटे असतात, त्याला १/८ बीएसपीटी (ब्रिटिश मापाचे आटे) चालतं, इंचाला २८ आटे. दुकानदार एनपीटी (अमेरिकन मापाचे) देईल, त्याला २७ असतात, पहिले एक-दोन आटे बसतात आणि मग जोर लावला की ॲल्युमिनियमची केसिंग चिरते. जुना स्विच सोबत न्या आणि लेथवाल्याकडून पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी) लावून घ्या. होज गरम ऑइलसाठीचाच घ्या, प्लास्टिकची नळी अजिबात नको, शंभर डिग्रीचं तेल पायावर उडेल.

रीडिंग तीन घ्या: थंड आयडल (ॲक्सिलरेटर न देता), गरम आयडल, गरम ४००० आरपीएम. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आकडा ठराविक आरपीएमला आणि ऑइलच्या ठराविक तापमानाला दिलेला असतो, तेव्हा ऑइल खरंच तापलेलं हवं, रेडिएटरचा फॅन दोनदा फिरू द्या.

रेवाकाठ:
गेज लावला! वायर काढल्यावर दिवा विझला, म्हणजे वायरिंग ठीक. लेथवाले काका फार चांगले निघाले, ॲडॅप्टर बनवून दिला आणि बसवून दाखवला, वर चहा पाजला.

रीडिंग: थंड आयडल २ किलो. गरम आयडल ०.३, तिथेच सुई थरथरते. गरम ४००० ला १.१ आणि त्यापुढे ५००० केलं तरी जेमतेम १.३. मॅन्युअलमध्ये ४००० आरपीएम आणि ९० डिग्रीचा जो आकडा आहे त्याच्या हे निम्मंही नाही. म्हणजे दिवा खरं बोलत होता. आता भीती वाटायला लागलीये, बेअरिंग गेले का?

मकरपुराकर:
घाबरू नका, हे रीडिंग वाचूया. पंप प्रेशर बनवत नाही, तो फक्त ठराविक तेल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते पुढे तेलाला अडथळा होतो म्हणून. तेव्हा एकतर तेल कमी येतंय, नाहीतर कुठूनतरी जास्त निसटतंय.

बेअरिंग झिजले असते तर थंड असताना रीडिंग चांगलं आलं असतं, कारण थंड तेल जाड असतं, मग तापल्यावर धाडकन पडलं असतं आणि आरपीएमबरोबर तरी वाढलं असतं, आणि बहुतेक वेळा खालून जड आवाजही येतो. स्ट्रेनर चोक असता तर आयडलला बरं आणि आरपीएम वाढवल्यावर उलट घसरलं असतं, कारण पंपाला ओढायला तेलच नाही. तुमचं थंड इंजिनलाही कमी आहे आणि ४००० च्या पुढे आरपीएम वाढवून जवळजवळ वाढतच नाही. माझा संशय रिलीफ व्हॉल्व्हवर आहे. तो स्प्रिंगवरचा छोटा प्लंजर असतो, प्रेशर साधारण ४ ते ६ किलोच्या वर गेलं की उघडून जास्तीचं तेल संपमध्ये (इंजिनच्या तळाशी तेल साठतं तिथे) सोडतो. त्यात गाळाचा कण अडकला किंवा गंजाने प्लंजर अडकला तर तो कायमचा किंचित उघडा राहतो, आणि पंपाने ढकललेलं तेल बेअरिंगपर्यंत जायच्या ऐवजी परत खाली.

संपचा पॅन उतरवा. इंजिन फ्रेममधून काढायची गरज नाही, फक्त काही मॉडेलला एक्झॉस्ट काढावा लागतो. व्हॉल्व्हच्या प्लंजरला लाकडाच्या काडीने दाबून बघा, लोखंडी वस्तू नको. सरळ आत जायला पाहिजे आणि स्प्रिंगने स्वतःहून जागेवर यायला पाहिजे.

थंडस्टार्ट:
आणि ते क्लच कव्हरचं सिलिकॉन मला खटकतंय. बाहेर जेवढं फुगून दिसतं तेवढंच आतही फुगतं, ते सुटून तेलात पडतं आणि स्ट्रेनरच्या जाळीवर जाऊन बसतं. जिथे कंपनीने गॅस्केट दिलंय तिथे गॅस्केटच लावावं. डिझेलने फ्लश करणंही मला पटत नाही, कूलर आणि गॅलरीत (तेलाच्या आतल्या वाटांत) राहिलेलं डिझेल नव्या तेलाला पातळ करतं. त्याच ग्रेडचं स्वस्तातलं ऑइल घालून, चालवून, काढावं.

रेवाकाठ:
पॅन उतरवला, फोटो काढलेत. संपच्या कोपऱ्यात पिवळसर बारीक गाळ, बोटाला अगदी गुळगुळीत लागतो, नदीचीच माती. स्ट्रेनरच्या जाळीवर सिलिकॉनच्या दोन लांब पट्ट्या आणि बरेच तुकडे, तिसरा हिस्सा तरी झाकलेला होता. आणि रिलीफ व्हॉल्व्ह: काडीने दाबला तर आत गेला, परत आला तो अर्धाच! प्लंजरवर गंजाचा डाग आहे, नखाला लागतो. पाणी जिथे साचून राहिलं असेल तिथलाच असणार.

नवा व्हॉल्व्ह असेंब्लीच मागवला, पॉलिश करून तोच लावा असं एकाने सुचवलं पण बेअरिंगच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही. पंपही उघडून बघितला, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) रोटरचा गॅप मॅन्युअलच्या लिमिटमध्ये आला, पृष्ठभागावर हलक्या रेषा आहेत, खोल नाहीत. ऑइल पॅसेज सॉल्व्हंट आणि कॉम्प्रेसरच्या हवेने साफ केले, ओ-रिंग सगळ्या नव्या, क्लच कव्हरचं सिलिकॉन खरवडून गॅस्केट लावलं, व्हॉल्व्हच्या आट्यांना नॉन-परमनंट लॉकटाईट (आटे सैल होऊ नयेत म्हणून लावायचा द्रव). सुरू करण्याआधी इंजिन पेटू नये म्हणून इंजेक्टरचे कनेक्टर काढून स्टार्टर थोडा थोडा मारला, गेजची सुई हलली तेव्हाच कनेक्टर परत जोडले.

आत्ताचं रीडिंग: थंड आयडल ४.५ किलो. गरम आयडल १.१. गरम ४००० ला २.६, मॅन्युअलच्या पट्ट्यात. दिवा बटण दाबल्याबरोबर विझतो. मकरपुराकर दादा, तुमचे कसे आभार मानू कळत नाही, इंजिन खोलायचा खर्च वाचला.

एकच शंका राहिली. इतके दिवस कमी प्रेशरवर चालली, तर बेअरिंगला इजा झाली असेल का, ते आत्ताच उघडून बघायला हवं का?

मकरपुराकर:
गरम रीडिंग पट्ट्यात आहे आणि आवाज नाही, मग आत्ता केसिंग फोडू नका. पण हे नवं ऑइल पूर्ण मुदत चालवू नका, पाचशे किलोमीटरवर काढा, त्यात राहिलेला गाळ निघेल. काढताना स्वच्छ पांढऱ्या ट्रेमध्ये काढा आणि उन्हात बघा. फिल्टर कापून कागदाच्या घड्या पसरा. क्लचची काळी पावडर दिसली तर ठीक. चकचकीत पातळ चुरा दिसला तर त्याच्यावरून चुंबक फिरवा, बेअरिंग शेलचा थर चुंबकाला चिकटत नाही, लोखंड चिकटतं. न चिकटणारा चुरा जास्त असेल तर मग शेल बघावे लागतील, तेव्हा इथेच लिहा, प्लॅस्टिगेजने (दाबून चपटा होणाऱ्या मेणासारख्या धाग्याने) क्लिअरन्स कसा मोजायचा ते सांगतो.

गेज आणि ॲडॅप्टर कुणाला देऊ नका. ऑइल बदललं की एकदा गरम ४००० चं रीडिंग घेऊन तारखेसकट वहीत लिहीत जा.

दांडियाबाजारकर:
रेवाकाठ, माझ्या शेजाऱ्याची गाडीही त्याच पुरात होती, तीही डिझेलनेच फ्लश केलेली. गेज दोन दिवसांसाठी मिळेल का? मी स्वतः न्यायला येतो.

रेवाकाठ:
या ना काका, रविवारी सकाळी या. त्यांच्या गाडीचा स्विच मात्र आधी काढून आणा, आटे वेगळे असले तर त्याच लेथवाल्या काकांकडे जाऊ.