मदत हवी आहे: नागपूरच्या उन्हाळ्यात रेड वाइन कशी चाखायची?

शनिवारी आम्ही चौघं मित्र धरमपेठेत घरीच नाशिकच्या हजार रुपयांच्या आतल्या रेड वाइन चाखणार आहोत. बाटल्यांना पेपर गुंडाळून नंबर टाकतो, म्हणजे लेबल पाहून मत बनत नाही. अडचण गरमीची आहे. मागच्या वेळी कपाटातली शिराझ (शिराझ द्राक्षाची रेड वाइन) तशीच ओतली, तर नाकात नुसता अल्कोहोलचा झणका. फळाचा वास कुठेच नाही. रेडला १६ ते १८ अंश हवेत, अन् इथे मे महिन्यात कूलर लावूनही खोली तापलेलीच. फ्रिजमध्ये जास्त राहिली की तुरटपणा वाढतो, हिरड्यांना कोऱ्या चहासारखा धरतो. किती मिनिटं फ्रिजमध्ये ठेवता? आणि आधी शिराझ चाखायची की कॅबरने (दुसऱ्या द्राक्षाची रेड)? मध्ये खायला साधा पाव आहे. सावजी मटण शेवटच्या ग्लासानंतरच, तिखटावर चव कळत नाही.