थीम पार्कमधील महागड्या उपाहारगृहांत जेवावे का? अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

येत्या सुट्टीत आम्ही पाच जण एका मोठ्या थीम पार्कमध्ये सलग तीन दिवस घालवणार आहोत: आम्ही दोघे, नऊ व पाच वर्षांची मुले आणि सत्तरी ओलांडलेली माझी आई. तिकिटे आणि मुक्काम यांचा हिशेब जमला आहे, पण गाडी अडली आहे ती जेवणापाशी. पार्कच्या आतील दरपत्रके पाहिली, तर बाहेर साधारण तशाच जेवणाला जे पैसे पडतात त्याच्या जवळजवळ दुप्पट पैसे तिथे द्यावे लागतील, असे दिसते. ते द्यावेत का, आणि द्यायचेच असतील तर कोणत्या जेवणासाठी, हे मला ठरवता येत नाही.

दर चढे का असतात हे समजण्यासारखे आहे. फाटकातून एकदा आत गेलेला माणूस भूक लागली म्हणून सहसा बाहेर जाऊन परत येत नाही, आणि आत दुसरा स्पर्धक नसतो. पूर्वी डिस्नीलँडमध्ये राईडसाठी कूपनांची पुस्तिका घ्यावी लागत असे. १९८२ मध्ये ती बंद होऊन सर्व राईड एकाच प्रवेश तिकिटात आल्या. अशा पद्धतीत आत आलेल्या पाहुण्याकडून पुढची कमाई करण्याचा एक मोठा मार्ग म्हणजे खाणेपिणे. मात्र सगळीकडे हीच रीत आहे असेही नाही. अमेरिकेतील इंडियाना राज्यातील हॉलिडे वर्ल्ड या पार्कने २००० पासून शीतपेये मोफत ठेवली आहेत. कॅलिफोर्नियातील नॉट्स बेरी फार्मची गोष्ट तर मला फार आवडते: तिथे १९३४ मध्ये कॉर्डेलिया नॉट यांनी कोंबडीचे जेवण वाढायला सुरुवात केली, त्यासाठी लांबच लांब रांगा लागू लागल्या आणि ताटकळणाऱ्या लोकांच्या करमणुकीसाठी उभारलेल्या गोष्टींतून पुढे पार्क आकाराला आले. तिथे जेवण आधी होते आणि पार्क नंतर.

माझी द्विधा दोन जुन्या अनुभवांमुळे वाढली आहे. पहिल्या वेळी आम्ही घरून डबा नेला होता. पैसे वाचले, पण भर दुपारी सावलीतला बाक सापडेना, शेवटी एका कठड्यावर बसून जेवलो आणि आई इतकी थकली की चार वाजताच आम्हाला मुक्कामी परतावे लागले. पाच जणांच्या तिकिटांचा उरलेला अर्धा दिवस वाया गेला. तो खर्च डब्यामुळे वाचलेल्या पैशांपेक्षा निश्चितच जास्त होता. दुसऱ्या वेळी एका पार्कमध्ये टेबलावर वाढणाऱ्या महागड्या उपाहारगृहात गेलो. गारवा होता, आईला टेकायला नीट खुर्ची मिळाली, परंतु जेवण बेताचेच होते आणि बिल येईपर्यंत दोन तास उलटले. तेवढ्यात मुलांची ज्यावर सर्वांत जास्त आशा होती ती मिरवणूक निघून गेली. धाकट्याचे ते रडणे मला अजून आठवते.

तेव्हापासून मला असे वाटू लागले आहे की तिथल्या बिलात अन्नाबरोबर खुर्ची, सावली आणि विश्रांती यांचीही किंमत असते, तर दुसऱ्या बाजूने टेबलावर गेलेला प्रत्येक तास हा आधीच पैसे भरलेल्या तिकिटातून वजा होतो. हे दोन्ही एकत्र कसे तोलावे, तिथेच माझे गणित चुकते आहे.

काही ठिकाणी जेवण हाच पाहण्याचा भाग असतो, हे मला मान्य आहे. डिस्नीलँडमधील ब्लू बायू हे उपाहारगृह १९६७ पासून समुद्री चाच्यांच्या राईडच्या इमारतीतच आहे. आत कायम संध्याकाळ असते आणि जेवताना राईडच्या होड्या समोरून जाताना दिसतात. अशा जागेसाठी जास्त पैसे द्यायला माझी हरकत नाही. बाहेर कुठेही मिळेल असा पदार्थ केवळ चित्रविचित्र वेष्टनात दुप्पट दराने घेणे मात्र मला पटत नाही.

मुलांना हवे आहे ते कार्टूनमधील आवडती पात्रे (म्हणजे त्यांच्या वेशातील कलाकार) टेबलापाशी येऊन भेटतात ते जेवण. ते सर्वांत महाग आहे. पण त्याच पात्रांना बाहेर भेटायचे तर प्रत्येकासाठी वेगळी रांग लावावी लागेल, आणि आईला रांगेत उभे राहणे जमत नाही. अशी जेवणे घेतलेल्यांनी कृपया सांगावे: पात्रे खरोखरच प्रत्येक टेबलाशी पुरेसा वेळ थांबतात का, आणि पाच वर्षांच्या मुलाचे त्या गडबडीत पोटभर जेवण होते का?

डबा नेण्याविषयीचे नियमही पार्कनुसार बदलतात. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये स्वतःचे खाद्यपदार्थ आत नेता येतात, मात्र काचेची भांडी चालत नाहीत. टोकियो डिस्नीलँडमध्ये मात्र बाहेरचा डबा आत चालत नाही, तो फाटकाबाहेरील सहलीच्या जागेत खावा लागतो. आमच्या पार्कमध्ये डबा नेण्यास परवानगी आहे. त्यामुळे सकाळी मुक्कामी भरपेट न्याहारी करावी, सोबत कोरडा खाऊ व पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात आणि दिवसातून एकदाच, दुपारच्या कडक उन्हात, आत टेबलावर बसून जेवावे, असा माझा विचार आहे. पात्रांचे जेवण तीन दिवसांत एकदाच, तेही बहुधा दुसऱ्या दिवशी.

वयस्कर व्यक्ती आणि लहान मुले दोन्ही सोबत असताना हे नियोजन कोणी करून पाहिले आहे का? दुपारचे टेबल बारापूर्वीचे घ्यावे की दोननंतरचे, म्हणजे कमी वेळात जेवण उरकेल? आरक्षण लवकरच सुरू होत असल्याने त्याआधी उत्तरे मिळाली तर फार उपकार होतील.