घराबाहेरची श्रद्धा आणि पंढरपूर

'श्रद्धा ज्याची त्याने घरात ठेवावी, सार्वजनिक जीवनात तिचं काय काम' असं अनेकदा म्हटलं जातं; ते मला अर्धंच पटतं. सरकारी कचेरीत पूजा नको, हे मान्य. पण आपल्याकडे देऊळ ही घरातली गोष्ट कधी नव्हतीच. तिथे कोणाला आत घ्यायचं नि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवायचं, यावर गावातली पत ठरायची. म्हणूनच १ मे १९४७ ला साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. विठ्ठलावर जीव असलेला तो माणूस. अस्पृश्य मानलेल्यांना विठोबाचे पाय शिवता यावेत म्हणून त्याने प्राण पणाला लावले, आणि दहा दिवसांत मंदिर खुलं झालं. ती मागणी श्रद्धेच्या पोटातूनच आली होती, हे मला फार मोलाचं वाटतं.

अशा चर्चेत राज्यघटनेचं कलम २५ फारसं निघत नाही, म्हणून सांगतो. त्यात धर्मस्वातंत्र्य आहेच, पण सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवस्थानं हिंदूंमधल्या सर्व वर्गांना खुली करणारा कायदा राज्याला करता येतो, हेही तिथेच लिहिलंय. आपल्या राज्यात असा कायदा १९५६ पासून आहे. तरी शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जायला २०१६ उजाडलं, तेही उच्च न्यायालयाने सरकारला त्याच कायद्याची आठवण करून दिल्यावर. साठ वर्षं तो कायदा पुस्तकातच होता. श्रद्धा घरात ठेवा म्हणून त्या बायकांना काय मिळालं असतं?